बारा व्होल्ट, चोवीस अँपिअर: संगणकांच्या डीसी कनेक्टरांची पारख

देवगड तालुक्यातील आमच्या गावच्या अभ्यासिकेत सहा छोटे संगणक एकाच १२ व्होल्टच्या एसएमपीएसवर, म्हणजे घरच्या २३० व्होल्टच्या विजेची १२ व्होल्टची एकदिश (डीसी) वीज करणाऱ्या पेटीवर, चालतात. दुकानांच्या एलईडी पाट्यांसाठी मिळतो तसाच, जाळीदार पत्र्याच्या पेटीतला आणि ५० अँपिअर क्षमतेचा हा एसएमपीएस आहे. प्रत्येक संगणक पूर्ण ताणावर ४ अँपिअर घेतो, म्हणजे सगळे एकदम राबू लागले की मुख्य तारेतून २४ अँपिअर वाहतात. ही व्यवस्था उभी करताना एसएमपीएस कोणता घ्यावा आणि तार किती जाडीची असावी, यावर आम्ही बराच खल केला. मात्र मधल्या कनेक्टरांकडे कोणीही गांभीर्याने पाहिले नाही. त्यानंतरच्या वर्षभरात मी वेगवेगळ्या प्रकारचे कनेक्टर वापरून आणि मोजून पाहिले. त्यांपैकी काही काढून टाकले, काही कायम ठेवले. त्या अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे.

सुरुवातीचे काम एका स्थानिक तंत्रज्ञाने करून दिले होते. त्याने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी मिळणारे, एका डीसी पिनेतून चार फाटे काढणारे स्प्लिटर वापरले आणि प्रत्येक स्प्लिटरवर तीन संगणक जोडले. कॅमेऱ्यांच्या बाबतीत हे स्प्लिटर चोख काम करतात, कारण एक कॅमेरा सहसा १ अँपिअरसुद्धा घेत नाही. आमच्याकडे मात्र त्या एका पिनेतून तीन संगणकांचा प्रवाह जाऊ लागला. महिनाभरात एका बाजूचे तिन्ही संगणक मधूनच बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागले. तंत्रज्ञाने एसएमपीएसवरचा छोटा स्क्रू फिरवून व्होल्टेज १२.६ पर्यंत वाढवून दिले आणि आठवडाभर सगळे सुरळीत चालले. त्यानंतर एका संध्याकाळी टेबलाखालून प्लास्टिक तापल्याचा वास आला. स्प्लिटरच्या पिनेला हात लावला, तर बोट लगेच मागे घ्यावे लागले. पिनेचे काळे आवरण एका बाजूने मऊ होऊन तारेकडे झुकले होते.

दुसऱ्या दिवशी तशाच दुसऱ्या स्प्लिटरच्या जोडणीवर मल्टिमीटर लावला. तिन्ही संगणक चालू असताना प्रवाह ९ अँपिअर होता आणि पिनेच्या दोन बाजूंमधला व्होल्टेजचा फरक ०.३६ व्होल्ट निघाला. ९ ला ०.३६ ने गुणले की जवळजवळ सव्वातीन वॅट होतात, आणि एवढी उष्णता करंगळीच्या पेराएवढ्या प्लास्टिकमध्ये सतत निर्माण होत होती. व्होल्टेज वाढवल्यामुळे संगणक बंद पडायचे थांबले, पण उष्णता तेवढीच राहिली आणि दोष सांगणारी खूण मात्र नाहीशी झाली. व्होल्टेज कमी पडते म्हणून एसएमपीएसचा तो स्क्रू फिरवणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे की, आधी ते व्होल्टेज वाटेत नेमके कुठे खर्च होते आहे ते शोधावे.

१२ व्होल्टला हात लागला तरी झटका बसत नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. पण ४८ वॅटचे जे यंत्र २३० व्होल्टवर जेमतेम ०.२ अँपिअर घेते, तेच यंत्र १२ व्होल्टवर ४ अँपिअर घेते. प्रवाह एकोणीस पट होतो आणि सांध्यातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे तोच ढिला सांधा साडेतीनशे पटींहून अधिक तापतो. घरातल्या बोर्डावर वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातही न येणारे लूज कनेक्शन इथे काही दिवसांत प्लास्टिक वितळवू शकते. फ्यूज लावला म्हणजे झाले, असे समजणेही चुकीचे आहे, कारण फ्यूजला फक्त प्रवाह कळतो. ढिल्या सांध्यातून जाणारा प्रवाह अगदी नेहमीएवढाच असतो, त्यामुळे कनेक्टर वितळत असतानाही फ्यूज शाबूत राहतो. फ्यूज हवाच, पण तो शॉर्टसर्किटमध्ये तार जळू नये म्हणून. आम्ही प्रत्येक फाट्यावर एसएमपीएसच्या शेजारीच गाडीत असतो तसा ७.५ अँपिअरचा तपकिरी पात्याचा फ्यूज लावला आहे. तो कोणत्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो.

आता एकेका कनेक्टरविषयी.

डीसी पिन टाळता येत नाही, कारण छोट्या संगणकांच्या पाठीवर बहुधा तिचेच भोक असते. बाहेरून ५.५ मिलिमीटर व्यासाच्या या पिनेचे आतले भोक २.१ किंवा २.५ मिलिमीटरचे असते आणि नुसत्या नजरेने हा फरक ओळखता येत नाही. २.५ ची पिन २.१ च्या सॉकेटमध्ये सहज जाते, संगणकही सुरू होतो, पण मधला स्पर्श ढिला राहतो. आमच्या सहापैकी दोन संगणकांवर नेमके हेच झाले होते. या पिनांची मर्यादा बहुतेक उत्पादक २ ते ५ अँपिअरच्या दरम्यान सांगतात, त्यामुळे ४ अँपिअरच्या संगणकाला ५ अँपिअरची, योग्य मापाची आणि जाड तार सोल्डर करता येईल अशी पिन घेतली तर ती पुरते. अशी पिन लावल्यावर ४ अँपिअरला ४८ मिलिव्होल्टचा फरक मोजला गेला, म्हणजे ०.२ वॅटच्या आसपास उष्णता. हे मला मान्य आहे. एका पिनेमागे एकच संगणक, हा नियम मात्र मोडता कामा नये. या पिनेला अडकवणारा खटका नसतो, त्यामुळे तार ओढली जाऊन ती अर्धवट बाहेर येणार नाही अशा बेताने तारेला टेबलाच्या कडेशी पट्टी बांधून ठेवणेही आवश्यक आहे.

मुख्य तारेसाठी मी आधी एक्सटी६० घेतला. ड्रोन आणि बॅटरीवर चालणारी खेळण्यातली विमाने उडवणाऱ्यांना हा पिवळा कनेक्टर परिचयाचा असतो. नावातला ६० हा आकडा पाहून तो ६० अँपिअर सतत वाहील असे वाटते. प्रत्यक्षात अ‍ॅमास या मूळ उत्पादकाच्या माहितीपत्रकात सततच्या प्रवाहाची मर्यादा ३० अँपिअर दिली आहे आणि ६० हा थोड्या वेळापुरता चालणारा आकडा आहे. विमानाची बॅटरी काही मिनिटांत संपते, संगणक मात्र सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत चालू असतात, त्यामुळे आपल्याला पहिलाच आकडा धरायला हवा. २४ अँपिअर त्या मर्यादेत बसतात, पण फारशी जागा उरत नाही.

एक्सटी६० ची घडण चांगली आहे. उलटा लागूच नये असा त्याचा आकार आहे, सोन्याचा मुलामा दिलेल्या पितळी पिना घट्ट बसतात आणि अस्सल जोडी मला शंभर रुपयांच्या आसपास मिळाली. माझ्या मोजणीत २४ अँपिअरला २६ मिलिव्होल्टचा फरक आला. अडचण सोल्डरिंगची आहे. ४ स्क्वेअर एमएमची तार उष्णता झपाट्याने ओढून घेते. कमी वॅटची सोल्डरिंग आयर्न वापरली, तर सोल्डर पसरेपर्यंत ती बराच वेळ टेकवून धरावी लागते, तेवढ्यात पिनेभोवतीचे नायलॉन मऊ होते आणि पिन किंचित तिरकी होते. बाहेरून काहीच दिसत नाही, पण जोडताना स्पर्श एकाच बाजूने होतो. यावर उपाय असा, की सोल्डर करताना समोरचा जोडीदार कनेक्टर लावून ठेवावा, म्हणजे पिना सरळ राहतात. दुसरे म्हणजे सोल्डर तारेच्या केसांमधून आवरणाखाली चढते आणि तिथे तार ताठ होते. ती वारंवार हलली, तर नेमकी त्या ताठ भागाच्या टोकाशी तुटू लागते. विजेचा उगम ज्या बाजूला आहे तिकडे नेहमी भोकांचा भाग लावावा, उघड्या पिनांचा नव्हे, म्हणजे कनेक्टर सुटला तरी टेबलाच्या लोखंडी पायाला पिना टेकून शॉर्ट होण्याची भीती राहत नाही.

नकली एक्सटी६० बाजारात भरपूर आहेत. मी घेतलेल्या पहिल्या पाकिटातल्या पिना साध्या चुंबकाला चिकटल्या, म्हणजे आत लोखंड होते. पितळ चुंबकाला चिकटत नाही. ही चाचणी दुकानातच दोन सेकंदांत करता येते आणि ती करताना मुळीच संकोच बाळगू नये.

शेवटी मुख्य तारेवर कायमचा बसवला तो अँडरसनचा पॉवरपोल. हॅम रेडिओ, म्हणजे हौशी बिनतारी संच, चालवणारे लोक १२ व्होल्टसाठी तो फार पूर्वीपासून वापरतात आणि त्यांनी तो का पसंत केला असावा, हे हातात घेतल्यावर कळते. यात नर-मादी असा भेद नाही. दोन्ही बाजू सारख्याच असतात, त्यामुळे कोणतेही टोक कोणत्याही टोकाला लागते आणि सुटे भाग एकाच प्रकारचे ठेवावे लागतात. आत पोलादी पट्टीची स्प्रिंग असते. तिच्या दाबाने दोन सपाट, चांदीचा मुलामा दिलेल्या जिभा एकमेकींवर घासत बसतात, त्यामुळे प्रत्येक वेळी जोडताना पृष्ठभाग आपोआप पुसला जातो आणि दाब पिनेच्या गोलाईवर नव्हे, तर त्या स्प्रिंगवर अवलंबून राहतो. १५, ३० आणि ४५ अँपिअरचे संपर्क, म्हणजे तारेच्या टोकाला बसवायचे हे जिभेचे धातूचे तुकडे, एकाच मापाच्या आवरणात बसतात. ही सोय आहे आणि धोकाही आहे, कारण बाहेरून पाहून आत कोणता संपर्क आहे ते कळत नाही. मी ४५ चे संपर्क घेतले, कारण ४ स्क्वेअर एमएमची तार त्यांत नीट बसते आणि २४ अँपिअर त्यांच्या मर्यादेच्या निम्म्याहून थोडेच अधिक आहेत.

२४ अँपिअरला पॉवरपोलच्या जोडावर मला १९ मिलिव्होल्ट मिळाले, म्हणजे अर्ध्या वॅटपेक्षा किंचित कमी. हा आकडा डीसी पिनेच्या ०.२ वॅटपेक्षा मोठा आहे, तरीही तासभर पूर्ण ताण दिल्यावर पॉवरपोल जेमतेम कोमट होता आणि डीसी पिन त्याहून गरम लागत होती. पॉवरपोलमधला धातू भरपूर आहे आणि त्याला जोडलेली जाड तांब्याची तार उष्णता बाहेर वाहून नेते. डीसी पिनेत धातू चिमूटभर आणि तार बारीक. म्हणून कनेक्टर निवडताना उष्णता किती निर्माण होते याच्याबरोबरीने ती कुठून बाहेर पडणार हेही पाहायला हवे. जाड तार व्होल्टेज टिकवते एवढेच आपण धरून चालतो, पण सांधा थंड ठेवण्याचे कामही तीच करते.

पॉवरपोलची खरी कसोटी पंचिंगमध्ये, म्हणजे संपर्क तारेवर दाबून बसवण्यात, आहे. साध्या पक्कडीने दाबलेला संपर्क वरून घट्ट दिसतो, पण आत तारेच्या केसांमध्ये पोकळी राहते. मी पहिले दोन संपर्क तसेच दाबले होते आणि त्यांतला एक हाताने ओढताच निघून आला. नंतर योग्य मापाचे रॅचेटवाले पंचिंग टूल आणले. ते सगळ्या कनेक्टरांच्या मिळून किमतीपेक्षा महाग पडले, पण तो खर्च मला पूर्णपणे योग्य वाटतो. आवरणात संपर्क सरकवताना जीभ स्प्रिंगवर चढून ‘टिक’ असा स्पष्ट आवाज यायला हवा. तो आला नाही, तर संपर्क अर्ध्यावरच आहे आणि जोडताना मागे सरकणार, हे नक्की. लाल आणि काळे आवरण एकमेकांना खाचेत अडकवताना सगळीकडे एकाच क्रमाने अडकवावे लागतात. एका ठिकाणी क्रम चुकला, तर रंग लाल-काळेच दिसतात पण बाकीच्या टोकांशी ते टोक जुळत नाही, आणि जुळवण्यासाठी कोणी आवरणे सुटी केली तर उलटी जोडणी होऊ शकते. याला खटक्याचे कुलूप नाही, जोराने ओढले की सुटतो, म्हणून जमिनीलगतच्या जोडाला मी वेगळी क्लिप लावली आहे. एसएमपीएसच्या स्क्रूखाली तारेचे सुटे केस पिळून दाबण्याची पद्धतही याच वेळी बंद केली आणि तिथे थिंबल, म्हणजे तारेच्या टोकावर दाबून बसवायचे धातूचे टोक, लावले.

अभ्यासिकेत एक मोठा संगणकही आहे. व्हिडिओचे संपादन शिकणाऱ्या मुलांसाठी त्यात ग्राफिक्स कार्ड बसवले आहे, त्यामुळे पेटीच्या आतल्या कनेक्टरांचाही विचार करावा लागला. इथे जुना आठ पिनांचा कनेक्टर आणि नवा सोळा पिनांचा कनेक्टर यांची तुलना उद्बोधक आहे. आठ पिनांच्या कनेक्टरला १५० वॅटची मर्यादा ठरवून दिली आहे. त्यात १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, म्हणजे प्रत्येकीवर ४.२ अँपिअरच्या आसपास भार येतो आणि ती पिन त्याच्या दुप्पट प्रवाह सहज वाहू शकते. एखादी पिन ढिली झाली, तरी उरलेल्या दोघी भार पेलतात. नव्या सोळा पिनांच्या, १२व्हीएचपीडब्ल्यूआर नावाच्या कनेक्टरमध्ये पिनांमधले अंतर ४.२ वरून ३ मिलिमीटरवर आणले आणि मर्यादा थेट ६०० वॅट केली. ६०० वॅट म्हणजे ५० अँपिअर, १२ व्होल्टच्या सहा पिनांवर वाटले तर प्रत्येकी ८.३, आणि पिनेची मर्यादा ९.५. दुपटीची सवलत जाऊन जेमतेम सातव्या हिश्शाची उरली.

त्याचे परिणाम सर्वश्रुत आहेत. आरटीएक्स ४०९० हे कार्ड ऑक्टोबर २०२२ मध्ये बाजारात आले आणि त्याच महिन्यात वितळलेल्या कनेक्टरांची छायाचित्रे येऊ लागली. कनेक्टर पूर्ण आत न बसणे हे एक कारण निघाले. म्हणून २०२३ मध्ये १२व्ही-२×६ ही सुधारित आवृत्ती आली, ज्यात संकेत देणाऱ्या चार छोट्या पिना आखूड केल्या आणि वीज वाहणाऱ्या पिना किंचित लांब केल्या, जेणेकरून कनेक्टर अर्धवट बसला असेल तर संकेत जुळत नाही आणि कार्ड वीज ओढत नाही. ही सुधारणा चांगली आहे आणि नवे काही घ्यायचे असेल तर हीच आवृत्ती घ्यावी. पण सहा तारांमध्ये प्रवाह सारखा वाटला जातो की नाही, हे ती पाहत नाही. २०२५ च्या सुरुवातीला ५७५ वॅटच्या आरटीएक्स ५०९० वर जर्मनीतील यूट्यूबर रोमन हार्टुंग यांनी एका तारेतून २० अँपिअरहून अधिक प्रवाह जाताना मोजून दाखवला. ८.३ ऐवजी २० अँपिअर म्हणजे त्या एका पिनेत जवळजवळ पावणेसहा पट उष्णता. एकूण प्रवाह मर्यादेत असतानाही हे घडू शकते, म्हणून इथेही फ्यूज किंवा संगणकाच्या पेटीतल्या वीजपुरवठ्याचे (पॉवर सप्लायचे) अंतर्गत संरक्षण कामी येत नाही.

आम्ही मध्यम क्षमतेचे, दोन आठ पिनी कनेक्टर लागणारे कार्ड निवडले आणि दोन स्वतंत्र केबली पुरवठ्यापासून थेट आणल्या. एका केबलच्या टोकाला लोंबणारी दोन तोंडे वापरली नाहीत. ज्यांच्याकडे सोळा पिनी कार्ड आहे त्यांनी मधले अडॅप्टर टाळून पुरवठ्याचीच केबल वापरावी आणि कनेक्टरपासून साधारण साडेतीन सेंटिमीटर तार सरळ जाऊ द्यावी, मग वळवावी. दुसऱ्या पुरवठ्याची केबल मात्र कधीही उसनी घेऊ नये. पुरवठ्याच्या बाजूच्या पिनांची रचना प्रत्येक उत्पादकाची वेगळी असते आणि प्लग व्यवस्थित बसला तरी १२ व्होल्ट भलत्याच पिनेवर जाऊन डिस्क व मदरबोर्ड क्षणात निकामी होऊ शकतात.

डिस्कला वीज देणाऱ्या साटा कनेक्टरमधून ग्राफिक्स कार्डाला वीज देणारे अडॅप्टर तर विकायलाच नकोत, असे माझे स्पष्ट मत आहे. साटाच्या तीन १२ व्होल्ट पिना मिळून ४.५ अँपिअर वाहतात, म्हणजे ५४ वॅट. कार्डाचा सहा पिनी कनेक्टर ७५ वॅट मागू शकतो. मोलेक्स या जुन्या चार पिनी वीज-कनेक्टरवरून साटा काढणारे, प्लास्टिक ओतून बंद केलेले अडॅप्टरही मी काढून टाकले, कारण आत तारा एकमेकींच्या किती जवळ आहेत ते दिसत नाही आणि ते आतल्या आत शॉर्ट होऊन जळल्याची उदाहरणे आहेत.

कोकणातल्या पावसाळ्याने या सगळ्याची आणखी एक परीक्षा घेतली. चार महिने दमट आणि खारट हवा खाल्ल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी मी सगळे सांधे पूर्ण ताणावर पुन्हा मोजले. पॉवरपोलचे १९ मिलिव्होल्टचे २२ झाले होते. एकदा काढून पुन्हा लावल्यावर ते १९ वर परतले. पाच डीसी पिना ५० ते ६० च्या दरम्यान होत्या. खिडकीजवळच्या संगणकाची सहावी पिन ११० मिलिव्होल्टवर गेली होती, तिच्या आतल्या पट्टीवर हिरवट थर दिसत होता आणि तो संगणक अजून विनातक्रार चालत होता. ती पिन त्याच दिवशी कापून नवी लावली आणि तारेवर तारखेची चिकटपट्टी गुंडाळली. आता प्रत्येक जोडाशेजारी त्याचा आकडा लिहून ठेवला आहे आणि तो मूळ आकड्याच्या दुप्पट झाला की कनेक्टर बदलायचा, असे अभ्यासिकेच्या वहीत नोंदवले आहे.